बैलगाडीवरचा उंबरा

आमच्या दादल्याचं नाव मी घेत नाही. लग्नात एकदा घेतलं तेवढं बास झालं. आणि ज्या दिवशी त्यानं घराचा उंबरा उखडून बैलगाडीला ठोकला, त्या दिवशी तर तोंडात नुसत्या शिव्याच येत होत्या.

सगळं झालं ते जिताड्याच्या डोक्यापायी. तीन वर्षांमागं कोपरला माझी नणंद रतन हिच्या घरी जेवण होतं. माशाचं डोकं मानाचं, ते सख्ख्या भावाच्या ताटात पडायचं. रतननं ते चुलतभावाला, पोपटला वाढलं. आमचा दादला ताटावरून उठला. "तुझ्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडीन तर नावाचा नाय!" तीही त्याचीच बहीण. "मग मी पण तुझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाय, जा!" तीन वर्षं दोघं तोंड फुगवून बसली. त्या मेल्या जिताड्याला आपल्या डोक्याची एवढी किंमत आहे हे ठाऊकही नसेल.

आता रतनच्या शालूचं लग्न ठरलं. शालू रतनच्या पोटची खरी, पण मला विचाराल तर माझीच. मला मूल झालं नाही. रतन आजारी होती तेव्हा ही पोरगी दोन वर्षं आमच्या कळव्याच्या घरात माझ्या कुशीत झोपली. भाचीला हात धरून मांडवात आणायचं ते मामानं. मामा आला नाही तर तो मान जाणार पोपटला.

"मेलो तरी पोपटला देणार नाय," दादला म्हणाला.

"आणि उंबरा?"

"आपलं घर आपल्यासंगं न्यायचं. तिच्या अंगणात उभं करायचं. आपल्याच घरात राहायचं, आपलंच खायचं, मुहूर्ताला मांडवात जायचं. उंबरा ओलांडतो कोण?"

"अवो, ठाण्याहून आगगाडी जाते की आता डोंबिवलीला. तिथून कोपर हाकेवर."

"आगगाडीत घर मावतं का गं?"

गाडीवर कुडाच्या भिंती चढल्या, पेंढ्याचं छप्पर चढलं, चूल, हंडा, माझी बाज, सगळं चढलं. उंबऱ्याशिवाय घर कसलं, म्हणून शेवटी दाराचा तो जाडजूड सागवानी उंबरा काढून गाडीच्या तोंडाशी ठोकला. या सगळ्यात एक गोम होती, ती मला पहिल्याच दिवशी दिसली. नवरी मांडवात नसते, घरात बसलेली असते. तिला आणायला आत जावं लागतं. पण हे बोलले असते तर त्यानं जाणंच रद्द केलं असतं, म्हणून मी गप्प राहिले.

लग्नाच्या दिवशी पहाटे निघालो. गावातल्या बाया पोट धरून हसल्या. एकीनं तर विचारलं, "विहीर मागून येतेय का?" लोकांचं हसू नको म्हणून यानं गाडी खाजणात घातली. वैशाखाचा महिना. खाडीकाठची ती जमीन सुकून मिठानं पांढरीफटक झालेली, नजर पोचेल तिथवर झाड नाही. दुपारी चुलीवर भात शिजवला. खरं तर चूल पेटवायची गरजच नव्हती, आम्हीच शिजत होतो. गाडीच्या सावलीला बसून जेवलो, बैलांना हंड्यातलं पाणी पाजलं. निघताना वरचा पापुद्रा फुटला आणि चाक चिखलात आसापर्यंत रुतलं.

"तीस वर्षं मिठागरात गेली तुमची!" मी ओरडले. "वरून सुकलेलं खालून ओलं असतं, एवढं कळू नये?"

चाकाखाली घालायला काहीतरी जाड लाकूड हवं होतं. आसपास काटकीसुद्धा नव्हती. माझी नजर उंबऱ्यावर गेली.

"त्याच्यावर चाक? अगं, त्यावरून लक्ष्मी घरात येते!"

"लक्ष्मी काय या खाजणात फिरतेय? तिकडं पोपट हात धुऊन तयार असेल!"

पोपटचं नाव निघालं तसा त्यानं स्वतःच्या हातानं उंबरा उपटला. चाक वर आलं. उंबरा खाली गेला तो गेलाच.

कोपरला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. मुहूर्त गोरजाचा. भटजी ओरडत होते, "मामा कुठं आहेत? मुलीला आणा!" दादला तरातरा निघाला आणि रतनच्या दारात थांबला. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. घामानं थबथबलेला, पायाला चिखल, समोर दोन बोटं उंचीचा उंबरा. मागून पोपट पागोटं सारखं करत पुढं आला. मला रडूच फुटलं. एवढं घर ओढून आणलं ते काय हे बघायला?

आतून शालूनं पाहिलं. हळदीच्या अंगानं उठली, मामाच्या बाजूनं बाहेर आली, अंगण ओलांडलं आणि सरळ आमच्या गाडीत चढून माझ्या बाजेवर बसली.

"मामा, आता मला तुझ्या घरातून ने."

रतन मुंडावळ्या घेऊन मागं धावली आणि गाडीशी येऊन अडली. तिलाही शपथ आठवली.

"चढ गं बाय," मी म्हटलं. "उंबरा खाजणात गेला. ओलांडणार काय आहेस?"

ती चढली. तिनं शालूला मुंडावळ्या बांधल्या. दादल्यानं शालूला हात धरून उतरवलं आणि मांडवात नेलं.

वऱ्हाड शालूला घेऊन गेलं. रतन परत आमच्या गाडीत येऊन बसली, माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मीही रडले. मग दादल्यानं बैलांचा खुंटा ठोकायची पहार घेतली, रतनच्या दाराशी गेला आणि घाव घालायला लागला.

"अवो, माझं घर!" रतनचा नवरा गोपीनाथ धावला.

यानं ऐकलं नाही. उंबरा निघाला तो अंगणात फेकला आणि आत गेला. आतून हाक आली, "रतन, भूक लागलीय. असेल ते वाढ."

जिताडं नव्हतं. उरलेला भात आणि वालाचं कालवण होतं. दोन घास पोटात गेल्यावर रतन नाक पुसत म्हणाली, "दादूस, आता नवा उंबरा बसवायला लागंल."

"कशाला?" भरल्या तोंडानं तो म्हणाला. "पुन्हा भांडलो तर?"