शाबासकीचा चहा

गुलमंडीजवळच्या गल्लीतल्या सांडू शिंप्यानं बिडी सोडली, ही बातमी दुपारच्या आत सगळ्या दुकानांत पोहोचली. कारण झाली त्याची पोरगी. मनकर्णाचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिनं सासरहून साफ निरोप धाडला होता, "घरात धूर असंल तर मी माहेरी येणार नाय." सांडूनं त्याच दिवशी बंडल चुलीत घातलं.

धूर गेला, पण पाठोपाठ झोपही गेली. रात्रभर कूस बदलायची आणि दिवसा मशीनवर पेंगायचं. आज तर पठ्ठ्यानं गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बाही उलटी जोडली. शेजारचे चपलांचे दुकानदार कमरोद्दीनभाई हळहळले.

"सांडूभाऊ, झोपताना दोनच झुरके मारत जा. नींद तरी लागंल."

खरं सांगायचं तर सांडूलाही ते पटायला लागलं होतं.

तेवढ्यात त्यांचं बोलणं ऐकतच सांडूची बायको आवडाबाई डबा घेऊन आली. तिची नजर आधी मशीनखाली गेली. तिथं चहाचे रिकामे ग्लास ओळीनं मांडलेले होते.

"हे सगळे कुणी पेले?"

"मीच. जो तो म्हणतो, शाबास, बिडी सोडली, आता चहा तरी घे. लई करून कमरोद्दीनभाईच पाजतात. नाय कसं म्हणू?"

आवडाबाईनं डबा खाली ठेवला. "अवो, बिडी सुटली की थोडे दिवस झोप मोडतीच. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलंय मला. झोप आपसूक परत येती. पण तुम्ही वरून दिवसभर चहा ओतताय, दुपारी कापडाच्या ढिगावर घोरताय. मग रात्री झोप यायची कुठून? आज दोन झुरके माराल, उद्या बंडल आणाल. मग मनकर्णाला येऊ नको म्हणून तुम्हीच कळवा."

सांडू मशीनवरून ताडकन उठला.

"नाय," तो म्हणाला. "झोप नाय आली तरी चालंल. पोरगी आली पाहिजे!"

कमरोद्दीनभाई ओशाळले. "वैनी, कसूर माझाच हाय. लाडानं पाजत होतो." त्यांनी तिथूनच हॉटेलवाल्याला हाक मारून बजावलं, "दुपारनंतर सांडूभाऊला चहा बंद. मी सांगितला तरी द्यायचा नाय." मग सांडूकडं वळून म्हणाले, "अन् जेवण झालं की फिरायला निघायचं. मी सोबत येतो."

त्या रात्रीही झोप आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. सांडू पडून राहिला, पण बिडीकडं वळला नाही. हळूहळू डोळा लागायला लागला आणि एका सकाळी आवडाबाईला त्याला हलवून उठवावं लागलं.

मनकर्णा माहेरी आली. नातू झाला, तोही असा रडका की सांडूची झोप पुन्हा उडाली. पण आता पाळण्याची दोरी ओढत तो खुशीनं जागतो.

मंडळी, तुमच्या गल्लीत कुणी बिडी सोडली तर त्याची पाठ जरूर थोपटा. त्याची झोप उडाली तर धीर द्या, चार पावलं त्याच्यासोबत चाला. फक्त शाबासकी म्हणून त्याच्या हातात काय देताय, ते एकदा बघून घ्या.