किसनराव मास्तरांचा मृत्युलेख

महादेवराव मृत्युलेख आधीच लिहून ठेवतात.

अमरावतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. वऱ्हाडच्या इतिहासावरची त्यांची पुस्तकं थोडे लोक वाचतात, रविवारच्या पुरवणीतला ‘गेलेली माणसं’ हा स्तंभ मात्र सगळेच. कुणी दवाखान्यात भरती झालं आणि महादेवराव भेटायला आले, की घरचे लोक घाबरतात.

किसनराव मास्तरांवरचा लेख गेल्या आठवड्यातच संपादकाकडे पोचला. आज महादेवराव त्यांना पाहायला अकोल्याला, जठारपेठेत आले.

*(लेख, पहिला परिच्छेद)*
*किसनराव मास्तर गेले. परतवाड्याच्या आसपास असा एकही आठवडी बाजार नसेल, जिथे त्यांची सायकल पोचली नाही.*

दार मास्तरांच्या बायकोनं, केशरबाईंनी उघडलं.

“जयभीम भाऊजी. या ना. आज उठून बसले हे. डॉक्टर म्हने, धोका टळला.”

महादेवरावांच्या मनात आलं : लेख वाया गेला.

मग त्यांना आनंद झाला. पण तो मागून.

किसनराव उशीला टेकून भाकरी खात होते.

“काय रे महादेवा, माप घ्याले आला काय माहं?”

“काहीतरीच बोलतोस.”

“लिवून ठेवला असशीन. मी ओयखतो तुले. वाच.”

“अरे, पण...”

“वाच ना बाप्पा! मेल्यावर कोन वाचून दाखवते मले?”

केशरबाईही पदरानं हात पुसत ऐकायला आल्या. लेख फोनमध्ये होता. महादेवरावांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

“सायकल माही नव्हती,” किसनराव मध्येच म्हणाले. “भाड्यानं आनो मी. दुरुस्त कर.”

महादेवरावांनी मान हलवली. दुसरा परिच्छेद शाळेबद्दल होता, तो वाचला.

*(लेख, तिसरा परिच्छेद. हा त्यांनी बोटानं वर सरकवला. वाचला नाही.)*
*आठवडी बाजारांवरच्या माझ्या ग्रंथातल्या निम्म्याहून अधिक मुलाखती किसनरावांनी घेतल्या. कोरकू बोली त्यांना येत होती, मला नाही. मुखपृष्ठावर दोघांची नावं हवी होती. मी एकट्याचं दिलं. त्यांनी कधी विचारलं नाही.*

चौथा वाचला. संपला.

“बेस लिवलं,” किसनराव म्हणाले. “आयकलं काय केशर, लय मोठा केला यानं मले.” मग भाकरीचा तुकडा मोडत, “बाजाराच्या पुस्तकाचं काई नाई आलं.”

“येईल. जागा आहे अजून.”

“हं.”

महादेवराव जिना उतरले. जागा आहे, असं आपण म्हणालो.

जागा भरलेली आहे.

मास्तर गेले असते, तर रविवारी आपण तो परिच्छेद छापला असता, आणि लोकांनी आपल्यालाच मोठ्या मनाचा माणूस म्हटलं असतं.

ते पुन्हा जिना चढले.

“काई राह्यलं काय भाऊजी?”

“एक परिच्छेद.”

दारातच उभं राहून त्यांनी तो वाचला. किसनरावांचा हात ताटातच थांबला. मग केशरबाई म्हणाल्या, “त्या पुस्तकाच्या बक्षिसाच्या कार्यक्रमाले आलो होतो आमी दोघं. मांगच्या रांगेत बसलो होतो. तुमाले हार घातला तवा यायनंच पयले टाया वाजवल्या.”

“पुस्तकावर माहं नाव नाई, हे मले मालूम होतं ना,” किसनराव तिला म्हणाले. मग महादेवरावांकडे वळून, “हे छापासाठी मी मराची वाट पाहून राहिला होता तू?”

महादेवरावांकडे उत्तर होतं. ते ‘हो’ असं होतं.

“लाव संपादकाले फोन. माह्यासमोर.”

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“मास्तर गेले का, सर?” संपादकाचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“नाही. समोर बसलेत. त्या लेखातला तिसरा परिच्छेद तेवढा या रविवारी छापा. माझ्या नावानं.”

“नुसता तेवढाच? सर, पण लोक काय म्हणतील तुम्हाला...”

“छापा.”

फोन ठेवून ते तसेच दारात उभे राहिले. किसनरावांनी ताट बाजूला सारलं. केशरबाईंनी ते उचललं आणि आत गेल्या. बसा, असं महादेवरावांना कुणी म्हटलं नाही.