गोडं पाणी

मित्रांनो, मी एक जुना काचेचा वाडगा आहे. बूड जाड, काठाला एक टवका उडालेला. अश्विनीच्या लग्नात साताऱ्याहून तिच्यासोबत आलो आणि नवऱ्याच्या, म्हणजे सारंगच्या, बदल्यांमागून फिरत कोलकात्याला पोचलो. बेहालाच्या या फ्लॅटमध्ये माझा केवढा मान होता! पाडव्याचं श्रीखंड माझ्यातच व्हायचं.

सारंग गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत आहे. तिथल्या एका सहकाऱ्याची बदली झाली आणि जाताना त्याने आपली खाऱ्या पाण्याची टाकी यांच्या गळ्यात मारली. तीत चार मासे आणि एक जिवंत शिंपला होता. शिंपल्यांमधून बाहेर डोकावणारी त्याची कड निळी, मखमली. समोर सावली हलली की टक् करून मिटायचा. दहा वर्षांची कालिंदी त्याच्यासाठी वेडी झाली. तिने त्याचं नाव ठेवलं झिनुक, म्हणजे बंगालीत शिंपलाच. ही पोर बंगाली फाडफाड बोलते, हिंदीही बोलते. मराठीत मात्र ठेचकाळते.

एका शनिवारी दुपारी झिनुकची कड आत वळलेली दिसली. आजार असेल, नसेलही. घरात कालिंदी एकटीच होती. तिने घाबरून बाबांना फोन लावला. सारंग बसमध्ये अडकला होता. फोनमधून हॉर्नच हॉर्न ऐकू येत होते.

"घाबरू नको. त्या काचेच्या वाडग्यात गोडं पाणी घे आणि त्याला पंधरा मिनिटं ठेव. जंतू असतील तर मरतील."

"गोड? किती गोड, बाबा?"

"अगं, पूर्ण गोडं! मीठ कणभरही नको."

कर्म माझं! पोरीने साखरेचा डबा काढला. माझ्यात पाणी ओतलं, सात चमचे साखर घातली, चाखून पाहिली आणि आणखी दोन घातले. मग झिनुकला दोन्ही हातांनी अलगद आत ठेवलं. मित्रांनो, तो माझ्या बुडाशी थरथरत होता. टक्, टक्, टक्. मग टक् थांबलं. कालिंदी घड्याळाकडे बघत म्हणत होती, "आणखी थोडं, सोना, झालंच."

सारंग आला तेव्हा झिनुक टाकीत आ वासून पडला होता. ओट्यावर मी होतो आणि माझ्या काठावर मुंग्यांची रांग. त्याने मुंग्या पाहिल्या, बोट लावून चाखलं आणि साखरेच्या डब्याकडे पाहिलं. मग त्याने मला घाईघाईने धुतलं आणि लेकीला सांगितलं, "आजारच मोठा होता गं." अश्विनीलाही तो काही बोलला नाही. अळीमिळी गुपचिळी. पोरीला दुःख नको म्हणून.

त्यानंतर मी कपाटावर पालथा पडलो. मी रिकामा आहे, कोरडा आहे, तरी माझ्या आत काहीतरी उघडतं आणि मिटतं. टक्. मी काच आहे हो, मला भीती वाटायला नको. पण वाटते.

मध्यंतरी घरी पाहुणे आले. सारंग बोलता बोलता त्यांना म्हणाला, "हे मासे गोड्या पाण्यात, म्हणजे आपल्या साध्या बिनमिठाच्या पाण्यात, जगत नाहीत." पाण्याचा ट्रे घेऊन आलेली कालिंदी दारातच थांबली. मग हळूच तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आता घरात कुणी नसलं की ती स्टुलावर चढून मला खाली काढते. साधं पाणी भरते, त्यात झिनुकचे रिकामे शिंपले ठेवते आणि पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसते. मग विचारते, "आता बरोबर आहे ना?" मला धुऊन, पुसून पुन्हा होतो तसा ठेवते. कुणाला काही कळत नाही.

मित्रांनो, लहान माणसाला काम सांगताना त्याला शब्द कळला का, एवढं विचारा. आणि चूक झालीच तर ती लपवून माया करू नका. मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हीच कुणीतरी सारंगला सांगा. तिला कळलंय म्हणावं. ती रोज एकटीच बसते. आज घरी लवकर जा आणि तिला जवळ घे.