भिंतवाले महाराज

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा एका पांढऱ्या भिंतीवर खिळल्या होत्या. भिंतवाले महाराज त्या भिंतीला टेकवून उभं केलेल्या माणसाची आत वळलेली कंबर म्हणे डोळ्यांदेखत सरळ करत.

गर्दीत कवायतमास्तर मान खाली घालून उभे होते. साऱ्या शाळेला ताठ उभं करणाऱ्या मास्तरांची लेक पोट पुढे आणि कंबर आत घालून चालायची. दिव्याखालीच अंधार. पोरं तिला बदक म्हणत. मास्तरांना तिची लाज वाटे, म्हणून संचलनात ते तिला शेवटच्या रांगेत ठेवत. डॉक्टरीणबाईंचे व्यायाम त्यांना गोगलगायीच्या चालीचे वाटले होते.

"ये बाळा," महाराज म्हणाले. मुलगी टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिली. महाराजांनी तिची कंबर आणि भिंत यांच्यामधल्या पोकळीत अख्खी मूठ घातली. "बघा, ब्रह्मांडाची ऊर्जा इथं तुंबलीय."

ब्रह्मांडाला तुंबायला दुसरी जागा मिळाली नसावी.

मग आसन अंथरलं गेलं. त्यावर दोन पावलं रंगवलेली होती. मुलीला त्या पावलांवर, पाठ भिंतीला टेकवून उभं केलं, कमरेखाली शाल गुंडाळली. "अंग सैल सोड, गुडघेसुद्धा," महाराज पुटपुटले आणि त्यांनी पुन्हा हात घातला. आता बोटही शिरेना. लोकांनी हात जोडले. मास्तरांचे डोळे भरून आले.

"डॉक्टरांचे व्यायाम आजपासून बंद," महाराजांनी फर्मावलं.

"बंद," मास्तर लगेच म्हणाले.

तेव्हा मुलीने शाल सोडून टाकली. "बाबा, माझे पाय बघा ना."

पावलं भिंतीपासून चांगली हातभर पुढे होती आणि गुडघे वाकलेले होते. "असं उभं राहिलं की कुणाचीही पाठ भिंतीला चिकटते."

"शक्ती आसनाची आहे," महाराज गुरगुरले. "खाली उतरू नकोस."

"आसनाचीच ना?" तिने आसन दुमडून रंगवलेली पावलं भिंतीशी आणली आणि त्यांच्यावर टाचा टेकवून ताठ उभी राहिली. "बाबा, आता हात घाला."

मास्तरांचा हात मनगटापर्यंत आत गेला. महाराजांना एकाएकी ध्यान लागलं.

"तुला कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

मुलगी जरा घुटमळली. "घरी तुम्ही रोज भिंतीला उभं करता, तेव्हा मी असेच पाय पुढे सरकवून गुडघे वाकवते. फ्रॉकमुळे गुडघे दिसत नाहीत. तुम्ही हात घालता आणि खूश होता. पायांकडे कधी बघतच नाही."

"म्हणून भिंतीला सरळ आणि चालताना पुन्हा बाक! त्यासाठीच तर तुला इथं आणलं. आणि कंबर? दुखायची थांबली म्हणाली होतीस."

"दुखते. पण तसं सांगितलं की तुमचं तोंड उतरतं."

शिक्षकांच्या खोलीत 'माझ्या शिस्तीने पोर सरळ केली' म्हणून मिरवलेले मास्तर शरमेने काळेठिक्कर पडले. आजवर लाज वाटली ती पोरीच्या कमरेची. आज पहिल्यांदा स्वतःची वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आणखी एक कडू घोट गिळायला लावला. पोटाचे स्नायू कमजोर आणि मांडीचे पुढचे आखडलेले असले की कंबर अशी आत जाते. त्यात 'छाती बाहेर, ताठ उभी राहा' म्हणून धाक घातला की बाक वाढतो. तो धाक मास्तरांचाच होता.

मंडळी, भिंत तुमच्याही घरी आहे. टाचा लावून उभे राहा, मग हातभर पुढे सरकून गुडघे वाकवा. चमत्कार तुम्हालाही जमेल, आणि पाठ होती तशीच राहील. कुणापुढे हात जोडण्याआधी एवढं करून बघा, आणि घरातलं माणूस दुखतंय म्हणालं तर आधी त्याचं ऐका.

मास्तर आता लेकीशेजारी सतरंजीवर आडवे होऊन तेच संथ व्यायाम करतात. कंबर दुखली की ती सांगते.