शनिवारचा चित्रांचा तास

"मम्मी, रोमच्या चर्चची छतं आपण चित्रांत इतकी वर्षं बघतोय, मग आपल्याच शहरातली पांडवलेणी एकदाही का नाही?"

प्रश्न माझाच होता, पण तो विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, चैतालीने लावली होती. वर्गात सरांना उलट बोलतेस ना, म्हणे, घरी विचारून दाखव. नाहीतर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं.

आठवीपर्यंत मी शाळेची पायरीही चढले नव्हते. प्रार्थनेपासून बीजगणितापर्यंत सगळं मम्मीने घरीच शिकवलं. नववीला हट्टाने गंगापूर रोडच्या शाळेत गेले, तेव्हा तिची एकच अट होती: शनिवारचा चित्रांचा तास सोडायचा नाही. खरं सांगायचं तर मलाही तो सोडायचा नव्हता. धाकटा आशीष आणि मी सतरंजीवर बसतो. मम्मी जुन्या कॅलेंडरमधून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक चित्र समोर ठेवते. गप्प बसून बघायचं. मग ती चित्र पालथं करते आणि पाहिलं ते सगळं सांगायचं. शेवटी तिचा ठरलेला प्रश्न, उजेड कुठून येतोय? चित्रात देवदूत असो नाहीतर भाजीवाली, या प्रश्नातून सुटका नाही.

तर त्या शनिवारी मी विचारलं. मम्मीने हातातला पुठ्ठा उगाचच सरळ केला आणि म्हणाली की ते दुसऱ्यांचं भक्तीचं ठिकाण आहे. मी म्हटलं, मग रोमचं काय मंगल कार्यालय आहे? तेही कॅथलिकांचंच ना, आपलं कुठे? पप्पा अंबडच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले होते. त्यांनी चहाचा कप तोंडासमोर धरला तो खाली घेईनात.

मम्मी चिडली नाही, तेच वाईट. हळू म्हणाली, "ज्याच्याकडे खूप वेळ बघावं ते आपलं होऊन जातं, हे मीच शिकवलंय ना तुम्हाला? म्हणूनच नाही नेलं."

पप्पा म्हणाले, एकदा जाऊन येऊ दे तिला. त्यावर मम्मीने पुठ्ठे गोळा केले. जा म्हणाली, पण मग शनिवारी इथे बसायचं काही कारण उरत नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पाळकसाहेबांचं एक वाक्य डोक्यात शिरेल तर शपथ. गेले तर तास बंद. नाही गेले तर दर शनिवारी त्या सतरंजीवर बसून मनात लेणीच येणार. उपासना संपली तशी मी मम्मी-पप्पांना सांगितलं, मी जातेय, आणि चर्चच्याच कपड्यांत रिक्षा पकडली.

वाटेतून फोन केला होता, म्हणून चैताली डोंगराच्या पायथ्याशी वाट बघत होती. तिच्या घरचे दर बुद्धपौर्णिमेला येतात, त्यामुळे ती पायऱ्या स्वतःच्या जिन्यासारख्या चढली. मी मागून धापा टाकत. मग ती मला चैत्यगृहात घेऊन गेली. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, मधून वाट, शेवटची भिंत अर्धगोल, आणि तिथे जिथे आमची वेदी असते, बरोब्बर तिथे दगडी स्तूप. माझ्या तोंडून निघून गेलं, हे बांधणाऱ्याने नक्की चर्च बघितलं असणार.

चैताली इतकी हसली की सगळी लेणी हसल्यासारखी वाटली. "अगं बाई, तुमचा येशू जन्मला असेल नसेल तेव्हाचं आहे हे. चर्च कुठून आणायचं त्यांनी?"

मी खाली बसले. डोळे मिटून पाहिलेलं आठवायला लागले, तर खांब पुढेमागे सरकायला लागले. पुन्हा बघितलं, पुन्हा मिटले. छे. चैताली फोनमध्ये गुंग. चित्र पालथं करणारं कुणी नव्हतं, विचारणारं कुणी नव्हतं. इतकी सुंदर जागा आणि मला तिथे बसवेना.

घरी आले तेव्हा मम्मी मेथी निवडत होती. मान वर केली नाही. पप्पांनी डोळ्यांनीच खुणावलं, आत्ता नको. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात.

बऱ्याच वेळाने मम्मीने मेथीलाच विचारावं तसं विचारलं, "उजेड कुठून येत होता?"

"दाराच्या वर मोठी कमान आहे, घोड्याच्या नालेसारखी. तिथून येतो आणि पार स्तूपापर्यंत जातो. खांबांच्या मागे काय आहे ते नीट दिसलं नाही."

"दिसलं नाही की बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं. विचारायला तू नव्हतीस."

तिचा हात मेथीच्या जुडीत थांबला. पप्पांनी पेपर बाजूला ठेवला. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"मी ठरवलंय. शनिवारचा तास बंद होणार नाही. या शनिवारी तो पांडवलेणीत होणार. आशीष आणि मी बघू, पप्पा रिक्षा करतील, आणि मम्मी, प्रश्न तूच विचारायचेस. आत यायचं नसेल तर दारात उभी राहा. फक्त उजेड अडवू नकोस."