बुरशीला गूळ

अड्याळच्या भैय्यालालजींनी उभी हयात पानमळ्यात घालवली. मळ्यात ते कधी चप्पल घालून शिरले नाहीत, इतका मान त्या नागवेलीला. पण बारा वर्षांपूर्वी मुळं सडवणारी बुरशी आली. भाच्याच्या लग्नाला लाखांदूरला गेले होते, तेवढ्या तीन दिवसांत अख्ख्या मळ्यानं माना टाकल्या. तेव्हापासून वेलीला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आणि आता सून रिता अंगणातल्या आंब्यावर काळी मिरी चढवत होती! मिरी म्हणजे नागवेलीची मावसबहीणच. पान बघूनच म्हाताऱ्याचा जीव तिच्यात अडकला. पण पोरीचे उद्योग बघा. शेणखतात कसल्याशा बुरशीची पुडी कालवली, ओल्या पोत्याखाली झाकली आणि वर रोज गुळाचं पाणी!

"बुरशीनं माहा मळा खाल्ला, अन् तू बुरशीले गूळ चारून राहिली?"

"हे चांगली बुरशी आहे, मामाजी. सडवणारीले खाऊन टाकते."

"चोराच्याच हाती किल्ल्या," सासरे पुटपुटले.

खत तयार झालं, तसं रितानं ते वेलीच्या बुडाशी घातलं आणि चार दिवसांसाठी वरठीला माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी दोन पानं पिवळी पडली. भैय्यालालजींना जेवण गोड लागेना. तिसऱ्या सकाळी त्यांनी जुनं मोरचूद शोधलं, चुन्याच्या पाण्यात कालवलं आणि बादलीभर निळं औषध बुडाशी ओतून मोकळे झाले.

संध्याकाळी रिताचा फोन आला. "औषध काही टाकू नका बरं, मामाजी. मोरचुदानं आपली बुरशी मरते."

"नाई, नाई," ते म्हणाले. निळी बोटं त्यांनी धोतराला पुसली.

रिता परतली तेव्हा ते आंब्याखाली अनवाणी बसले होते. निळी नखं धोतराच्या सोग्यात लपवली होती. लपवून लपवून किती लपणार?

"मोरचूद टाकलं न?"

"टाकलं." म्हाताऱ्यानं निळी नखं बाहेर काढली. "मळा मेला तवा मी लग्नात जेवत होतो, पोरी. या टायमाले घरीच होतो. डोयासमोर कसा मरू देऊ?"

रिता त्यांच्याजवळ खालीच बसली. पिशवीतून तिनं नवी पुडी काढली. "तुमी एकदाच 'नाई' म्हणता. दोनदा म्हणाले, तवाच समजली मी. आता नवीन खत लावू, औषधाचा जोर उतरला का मंग वेलीले देऊ. पण गूळ तुमी चारायचा."

पंधरा दिवसांनी पोतं उचललं, तर खतावर हिरवट बुरशी छान पसरली होती. भैय्यालालजींनी आपल्या चहातला गूळ पाण्यात विरघळवून आणला होता. तो त्यांनी हलक्या हातानं शिंपडला.

"खा, माय," ते म्हणाले. "पोटभर खा. अन् माही वेल राख."