मास्तर जेवत नाहीत

अंबरीश पेडणेकरच्या हातचं कुणी ताटात टाकत नसे. ओमानमधल्या रुसैलच्या एका कारखान्याच्या मेसमध्ये तो मुख्य स्वयंपाकी होता. बिहारपासून केरळपर्यंतची माणसं तिथं जेवायची आणि कुणाला काय रुचतं हे त्याला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचं. एखाद्यानं अर्धं ताट परत आणलं, तर तो हातातलं काम टाकून त्याच्यापाशी जायचा. अंगात ताप आहे का, घरून काही फोन आलाय का, असं विचारून त्याच्यापुरती वेगळी पेज टाकायचा. कुणाला उपाशी उठू द्यायचं नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. अशा माणसावर एका सापाला जेवू घालायची पाळी आली.

साप त्याचा नव्हता. अल हैलमधल्या भाड्याच्या घरात त्याच्याबरोबर सकलैन सोलकर राहायचा, त्याचा होता. सकलैन रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, तिशीतला, एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारा. एका परदेशी शिक्षकाच्या घरी तो एसीच्या कामाला जायचा. ते कुटुंब ओमान सोडून निघालं, तेव्हा त्यांनी पाळलेला अजगर कुणी घेईना. सकलैन काचेच्या पेटीसकट तो घरी घेऊन आला. आफ्रिकेतल्या लहान जातीचा, तपकिरी अंगावर पिवळट डागांचा, बिनविषारी, आणि इतका भित्रा की कुणी मोठ्यानं बोललं तरी अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवायचा. शिक्षकाकडून आलेला म्हणून त्याचं नाव मास्तर पडलं, आणि नाव पडल्यावर त्याला अरेतुरे करणं दोघांच्याही जिभेवर येईना.

सुरुवातीला अंबरीशनं चांगलाच अबोला धरला होता. मास्तरांचं खाणं म्हणजे दुकानातून आणलेले गोठवलेले उंदीर, आणि आपण दूध-दही ठेवतो त्या फ्रिजात ते ठेवायचे ही कल्पनाच त्याला सोसेना. शेवटी सकलैननं भंगारातला एक छोटा फ्रिज दुरुस्त करून आपल्या खोलीत लावला, तेव्हा घरात शांतता झाली. पुढे पुढे तर अंबरीश स्वतः त्या खोलीच्या दारात उभा राहून मास्तरांचं जेवण बघू लागला. कोमट पाण्यात ठेवून ऊबदार केलेला उंदीर सकलैन लांब चिमट्यानं पुढे धरायचा. मास्तर जीभ लवलवत अंदाज घ्यायचे आणि एकदम झडप घालायचे. असं मन लावून जेवणारं गिऱ्हाईक अंबरीशला आवडू लागलं होतं.

जानेवारीत रत्नागिरीहून सकलैनच्या बहिणीचा, रईसाचा फोन आला. अब्बा बरेच महिने अंथरुणाला खिळले होते. आता त्यांनी खाणंही सोडलं होतं, तेव्हा तू निघून ये. सकलैननं मिळेल त्या विमानाचं तिकीट काढलं. जाता जाता त्यानं अंबरीशला चिमटा, ऊब देणारी चटई, पाण्याचं भांडं, सगळं समजावून सांगितलं. अंबरीश म्हणाला, तू मास्तरांची काळजी करू नकोस, अब्बांना बघ.

अब्बांना तो ओळखत होता. मागच्या सुट्टीत सकलैनचं सामान पोचवायला तो त्यांच्या घरी गेला होता. अब्बांनी तरुणपणी ओमानमधल्या सहम गावी कापडाच्या दुकानात बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे ओमानहून आलेला माणूस म्हणजे त्यांना घरचाच. स्वतःच्या ताटातली सुरमईची तुकडी त्यांनी त्याच्या ताटात सरकवली होती आणि तो नको नको म्हणत असताना वर आणखी भात वाढायला लावला होता.

सकलैन गेल्यावर पहिल्याच शुक्रवारी अंबरीशनं उंदीर ऊबदार केला, चिमट्यात धरला आणि पेटीचं झाकण उघडलं. मास्तरांनी जीभ बाहेर काढली, वास घेतला आणि तोंड फिरवलं. अंबरीशनं दुसऱ्या बाजूनं उंदीर हलवून दाखवला. मास्तर सरळ आपल्या लाकडी डब्यात शिरून बसले.

अंबरीशला हे लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा धरून पाहिलं, मग तिसऱ्या दिवशी. दुकानात जाऊन लहान उंदीर आणले, मग मोठे आणले. एकट्यानं करमत नसेल म्हणून पेटी उचलून स्वयंपाकघरात आणली. तिथं मिक्सरच्या आवाजानं मास्तर आणखी आक्रसले, तेव्हा बैठकीत नेली. लपायचा डबा काढून घेतला, म्हणजे समोरचं खाणं नीट दिसेल. कामावरून आला की हातपाय धुण्याआधी तो झाकण उघडून बघायचा. मेसमध्ये त्याचं लक्ष उडालं. एकदा सांबारात मीठ दोनदा पडलं आणि कुणी तक्रार केली नाही याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

सकलैनचा फोन यायचा. आधी तो मास्तरांचं विचारायचा. पहिल्या वेळी अंबरीश म्हणाला की आज नाही जेवले, उद्या जेवतील. पण पुढच्या फोनला सकलैनचा आवाज फार थकलेला होता. अब्बा काहीच घेत नाहीत, असं तो सांगत होता. रईसा दिवसभर चमचा घेऊन बसते. पेज भरवली की ते ओठ मिटून घेतात, घातलीच तर ठसका लागतो, सगळी बाहेर येते. मग त्यानं विचारलं, "मास्तर जेवले काय?"

"जेवले," अंबरीश म्हणाला.

"बरं झालं," सकलैन म्हणाला. "निदान कुणीतरी खातंय."

फोन ठेवल्यावर अंबरीश पेटीसमोर बसून राहिला. आता मास्तरांना काही झालं, तर सकलैनला तोंड कसं दाखवायचं? मेलेल्या सापापेक्षा आपलं ते खोटं "जेवले" त्याच्या अंगावर येणार होतं. सुट्टी काढून त्यानं मास्तरांना एका उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा खोक्यात ठेवला आणि टॅक्सीनं जनावरांच्या दवाखान्यात नेलं. खोक्यात काय आहे, असं ड्रायव्हरनं विचारलं, तेव्हा कपडे आहेत म्हणाला.

डॉक्टर हिबा नावाची ओमानी बाई होती आणि तिला बऱ्यापैकी हिंदी येत होतं. तिनं मास्तरांना हातावर घेतलं, तोंड उघडून पाहिलं, पोटावरून बोटं फिरवली, वजन केलं. मग अंबरीशनं काय काय केलं ते तिनं विचारून घेतलं. तो सगळं सांगत गेला, आणि सांगता सांगताच त्याचा आवाज खाली येत गेला.

जनावर ठणठणीत आहे, असं ती म्हणाली. मोठा नर आहे, थंडीचे दिवस आहेत, या जातीचे नर या दिवसांत महिनोनमहिने खात नाहीत. त्यात तुम्ही त्याचं घर हलवलंत, लपायची जागा काढून घेतलीत, रोज उठून तोंडासमोर खाणं नाचवलंत. आता डबा परत ठेवा, पेटी होती तिथं न्या, पाणी बदला आणि झाकण उगाच उघडू नका. बऱ्याच दिवसांनी एकदा विचारून बघा. वजन उतरू लागलं तर घेऊन या.

"आणि तोवर उपाशी ठेवू?" अंबरीशनं विचारलं.

"तुम्ही नाही ठेवत. त्यालाच नको आहे," ती म्हणाली. काही लोक नळी घालून, जबडा दाबून भरवतात, असंही तिनं सांगितलं. गरज नसताना तसं केलं की तोंड सोलवटतं, खाल्लेलं सगळं बाहेर येतं आणि जनावर माणसाला घाबरायला लागतं.

त्या संध्याकाळी अंबरीशनं स्वतःहून रत्नागिरीला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. मास्तर जेवले नव्हते. तू गेल्यापासून एकदाही नाही. मी खोटं बोललो.

सकलैन रागावेल असं त्याला वाटलं होतं. तो रागावला नाही. त्यानं डॉक्टरीण काय म्हणाली ते विचारलं. अंबरीशनं सांगितलं. मग सकलैन म्हणाला, "ते जबडा दाबून भरवायचं काय म्हणाली, परत सांग."

अंबरीशनं परत सांगितलं.

"दुपारी मी अब्बांचं डोकं धरलं होतं," सकलैन म्हणाला. "रईसानं चमचा घातला. ते माझ्याकडे बघत होते, दादा. डोळ्यांतनं पाणी येत होतं. तरी मी डोकं सोडलं नाही."

अंबरीश घाबरला. तो म्हणाला, "अरे, मी सापाचं सांगतोय. माणसाचं मला कळत नाही. तुझ्या डॉक्टरला विचार."

डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, असं सकलैन म्हणाला. शरीर आता अन्न मागत नाही, ओठ ओले ठेवा, जवळ बसा, जबरदस्ती करू नका. पण ते ऐकायला कुणाचे कान तयार नव्हते, त्याचेही नव्हते.

त्यानंतर काय झालं ते अंबरीशला तुकड्यातुकड्यांनी कळलं. सकलैननं चमचा बंद करायचं म्हटल्यावर रईसानं घर डोक्यावर घेतलं. बापाला उपाशी मारलं, असं गाव म्हणेल, आणि गाव नाही म्हणालं तरी मी म्हणेन, असं ती म्हणाली. सकलैननं डॉक्टरांना घरी बोलावून तिच्याशी बोलायला लावलं. तिनं ऐकलं, पण भावाशी बोलणं टाकलं. अब्बांचे ओठ मात्र तीच कापसानं ओले करायची. ठसके थांबले, तसे अब्बा जरा निवांत झाले. बिछाना खिडकीशी लावून घेतला. सहमच्या दुकानातल्या गोष्टी अर्ध्यामुर्ध्या सांगू लागले. एका दुपारी झोपेतच गेले. सकलैन तेव्हा औषधं आणायला बाजारात गेला होता.

सकलैन ओमानला परत आला तेव्हा अल हैलमध्ये उकाड्याची चाहूल लागली होती. मास्तर अजून जेवले नव्हते, पण वजन होतं तेवढंच होतं. सकलैन कामाला जाऊ लागला. घरी फोन केला की भावोजी बोलायचे, रईसा फोनवर यायची नाही. अंबरीशला वाटायचं, आपण तो फोन केला नसता तर? असं एकदा तो बोललाही. सकलैन म्हणाला, "मग मी अजून डोकं धरूनच बसलो असतो."

मार्च सरता सरता एका शुक्रवारी सकलैननं सहज म्हणून उंदीर पुढे धरला. मास्तर डब्यातून अर्धे बाहेर आले, थांबले, आणि अंबरीश नीट बघेपर्यंत त्यांनी झडप घातलीसुद्धा. वेढे पडले, जबडा उघडत गेला, आणि थोड्या वेळानं नुसतं शेपूट दिसत होतं. दोघंही पेटीसमोर फरशीवर बसून लहान मुलांसारखे बघत राहिले.

सकलैननं त्याचा व्हिडिओ काढला आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, रईसाला पाठवून दिला. रईसाला सापाचं नावसुद्धा नको असायचं. पण थोड्या वेळानं तिचा फोन आला. सकलैननं तो स्पीकरवर ठेवला.

"खाल्लान त्यानं?" तिनं विचारलं.

"खाल्लान."

"आपणहून?"

"आपणहून."

मग ती म्हणाली की तुला एक सांगायचं राहिलंय. तू बाजारात गेला होतास त्या दुपारी अब्बांनी डोळे उघडले आणि शहाळं मागितलं. शेजारून आणलं. त्यांनी स्वतः तोंड उघडलं, दोन चमचे घेतले, गोड आहे म्हणाले आणि झोपले. "तू द्यायचं नाही म्हणाला होतास. म्हणून तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या चमच्यानंच गेले."

"नाही गं," सकलैन म्हणाला. "त्यांनी मागितलं आणि तू दिलंस. मी असतो तर मीही दिलं असतं. गोड आहे म्हणाले?"

"म्हणाले."

"आणखी काय म्हणाले? पहिल्यापासून सांग."

रईसा सांगू लागली. अंबरीश आवाज न करता उठला आणि मागं दार ओढून घेत बाहेर गॅलरीत गेला. आत बहीणभावाचं बोलणं बराच वेळ चाललं होतं.